गळा आणि गल्ला
प्रस्तावना

मनिला हे नाव मराठी घरात पोहोचलं ते मॅगसेसे पुरस्कारामुळे. १९५८ साली, पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, विनोबा भावे यांचा गौरव झाला. पुढे आरोळे दांपत्य, बाबा आमटे, बानू कोयाजी, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे अशी आपल्या माणसांची रांगच त्या शहराशी जोडली गेली. बाबा आमट्यांना १९८५ साली हा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी फिलिपिन्समधल्या एका सिनेदिग्दर्शकालाही तो मिळाला. त्यांचं नाव लिनो ब्रोका. त्याआधी १९७२ साली सेसिल गिदोते या नाट्यसंस्था उभारणाऱ्या तरुणीला आणि नंतर १९९९ साली रोसा रोसाल या जुन्या चित्रपट-अभिनेत्रीला तो मिळाला. रोसाल यांनी रक्तदानाच्या चळवळीला वाहून घेतलं होतं. आपण त्या यादीत आपली नावं वाचली आणि शेजारची नावं सोडून दिली. त्या नावांमागे केवढं मोठं नाटक-सिनेमाचं जग आहे, हे मराठीत फारसं कुणी सांगितलेलं नाही.

त्या जगातल्या काही स्त्रियांची ही चरित्रं आहेत. त्या गायल्या, नाचल्या, त्यांनी भूमिका केल्या. शिवाय कंपन्या चालवल्या, स्टुडिओ काढले, इतरांना कामं दिली, नफा पाहिला आणि तोटा सोसला. फिलिपिन्सच्या रंजनसृष्टीचा इतिहास बहुतेक वेळा आवाजांचा आणि चेहऱ्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. माझं म्हणणं असं, की तिकीट खिडकीच्या मागे कोण बसलं होतं हे विचारल्याशिवाय तो इतिहास कळत नाही. गळ्यानं नाव होतं. ते नाव किती काळ टिकणार, कुणाच्या अटींवर टिकणार आणि म्हातारपणी त्या नावाला किती मान उरणार, हे पुष्कळदा गल्ल्यापाशी ठरतं. ज्या स्त्रियांनी ही दोन्ही टोकं आपल्या हातात ठेवली, किंवा ठेवण्याची धडपड केली, त्यांच्या आयुष्यांतून एका अख्ख्या देशाच्या करमणुकीचं शतक दिसतं.

या सगळ्यांच्या केंद्रस्थानी आहेत अटांग दे ला रामा. १९०२ साली मनिलाच्या पांदाकान भागात त्यांचा जन्म झाला आणि १९९१ साली त्या गेल्या. म्हणजे अमेरिकेची राजवट स्थिरावत होती तेव्हा त्या पाळण्यात होत्या. जपानी आले आणि गेले, १९४६ साली देश स्वतंत्र झाला, १९७२ साली लष्करी कायदा आला, १९८६ साली राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांची सत्ता कोसळली, आणि या सगळ्यानंतरही त्या होत्या. सातव्या वर्षी त्या स्पॅनिश संगीतनाटकांत उभ्या राहिल्या. पंधराव्या वर्षी त्या तागालोग रंगभूमीच्या नायिका झाल्या. त्यांनी औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली, नाटकं लिहिली, नाटकांची निर्मिती केली, इतर कलावंतांची कामं पाहिली. १९८७ साली त्यांना ‘राष्ट्रीय कलावंत’ हा देशातला सर्वोच्च कलासन्मान मिळाला. एवढं लांब आयुष्य एका व्यक्तीच्या चरित्रात मावत नाही. त्यासाठी आधी तिच्या पायाखालची जमीन पाहावी लागते.

ही जमीन सलग नाही. फिलिपिन्स म्हणजे ७,६४१ बेटं आणि शंभराहून अधिक भाषा. १५६५ पासून १८९८ पर्यंत तिथं स्पेनची सत्ता होती. चर्च आणि गावचा चौक ही त्या काळातली दोन मोठी रंगस्थळं. उपवासकाळात ख्रिस्ताच्या यातनांचा खेळ व्हायचा, तो सिनाकुलो. गावच्या संताच्या उत्सवात ख्रिस्ती आणि मुस्लिम राजघराण्यांच्या लढाया आणि प्रेमकथा रंगायच्या, तो कोमेद्या. हे खेळ गाव स्वतः उभे करी. त्यांचा खर्च देणगीतून निघे, नट गावातलेच असत आणि पाहणाऱ्याला तिकीट नसे. भक्ती, हौस आणि मानपान यांवर ते चालत. करमणूक हा अजून धंदा झाला नव्हता.

तो धंदा झाला सार्सुवेलामुळे. स्पेनमधलं हे संगीतनाटक १८७८-७९ च्या सुमारास मनिलात आलं. संवाद, गाणी, नाच, विनोद, घरातली भांडणं आणि शेवटी मीलन असा त्याचा घाट होता. पाहता पाहता स्थानिक भाषांनी तो उचलला. १९०० साली कापांपांगान भाषेत ‘इंग मानाग्पे’ आलं. १९०२ साली सेव्हेरिनो रेयेस यांचं ‘वालांग सुगात’ तागालोगमध्ये आलं आणि मनिलाचा प्रेक्षक कोमेद्याचे राजपुत्र सोडून आपल्यासारख्या माणसांकडे वळला. सेबूमध्ये व्हिसेंते सोट्टो यांनी सेबुआनो भाषेत लिहिलं, इलोइलोत हिलिगाय्नोन भाषेची सार्सुवेला बहरली, इलोकोसमध्ये मेना क्रिसोलोगो यांनी लिहिलं. प्रत्येक भाषेचा स्वतंत्र बाज तयार झाला, म्हणून एकाच ‘फिलिपिनो रंगभूमी’विषयी बोलताना नेहमी जपून बोलावं लागतं. मनिला हे त्यातलं एक बेट आहे, सगळा द्वीपसमूह नव्हे.

सार्सुवेला जोरात होती ती वर्षं देशाच्या पराभवाचीही होती. स्पेनविरुद्धची क्रांती यशाजवळ आलेली असतानाच अमेरिकेनं बेटांचा ताबा घेतला. १९०१ साली राजद्रोहाचा कडक कायदा झाला आणि १९०७ ते १९१९ या काळात स्वतःचं निशाण फडकवणंही गुन्हा ठरलं. त्या दडपणाखाली नाटककारांनी रंगमंच हे राजकारणाचं साधन केलं. औरेलिओ तोलेंतिनो यांचं ‘काहापोन, न्गायोन आत बुकास’ हे १९०३ सालचं नाटक त्यांना तुरुंगात घेऊन गेलं. काही प्रयोगांत नटांच्या पोशाखांचे रंग असे योजलेले असत, की विशिष्ट क्षणी पात्रं एकत्र येताच मंचावर बंदी घातलेलं निशाण साकार होई. मराठी वाचकाला इथं ‘कीचकवध’ आठवेल. आपली आणि त्यांची ओळख नव्हती; दडपण सारखं होतं, म्हणून रंगभूमीनं काढलेली वाटही सारखी निघाली.

याच काळात फिरत्या कंपन्या उभ्या राहिल्या. हर्मोखेनेस इलागान हे बुलाकान प्रांतातले गायक-नट. त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि १९१७ साली ‘दालागांग बुकिद’ रंगमंचावर आणलं. फुलं विकणारी आंखेलिता, तिचा वकिलीचं शिक्षण घेणारा प्रियकर सिप्रियानो, तिच्यावर डोळा असलेला म्हातारा सावकार डॉन सिल्व्हेस्त्रे आणि पैशांच्या लोभानं मुलीला त्याच्याकडे ढकलणारे आईवडील अशी कथा. संगीत लिऑन इग्नासिओ यांचं. हे इग्नासिओ अटांग यांच्या थोरल्या बहिणीचे पती आणि त्यांच्याच घरात अटांग वाढल्या. पंधरा वर्षांची ही मुलगी आंखेलिता झाली आणि त्या फुलवालीनं देशाला वेड लावलं.

दोन वर्षांनी होसे नेपोमुसेनो यांनी त्याच नाटकावर चित्रपट काढला. १२ सप्टेंबर १९१९ रोजी तो प्रदर्शित झाला. फिलिपिनो माणसानं काढलेला हा पहिला कथापट मानला जातो, आणि नायिका पुन्हा अटांग. चित्रपट मुका होता, पण खेळ मुका नव्हता. चित्रपटगृहात अटांग स्वतः हजर राहून वादकांच्या साथीनं नाटकातलं गाणं गात. पडद्यावर त्या आणि पडद्याजवळही त्याच. आपल्याकडे फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये १९१३ साली तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांना करावी लागली होती, कारण स्त्री मिळत नव्हती. मनिलात सार्सुवेलानं स्त्रीला आधीच रंगमंचावर आणून प्रसिद्ध केलं होतं, आणि चित्रपटाला प्रेक्षक हवे होते म्हणून तो तिच्या दारात आला. पुढच्या सगळ्या कथेच्या दृष्टीनं हा फरक निर्णायक आहे. तिथल्या पडद्याची पहिली नायिका ही दिग्दर्शकानं शोधून आणलेली अनोळखी मुलगी नव्हती. नाव तिचं होतं. कॅमेऱ्यानं ते वापरलं.

अटांग यांचं नाव कुंदिमान या गीतप्रकाराशीही कायमचं जोडलेलं आहे. कुंदिमान हे संथ तीन मात्रांच्या चालीचं प्रेमगीत. सुरुवातीला उदास, आणि उत्तरार्धात सूर उजळत जाणारं. फ्रान्सिस्को सांतियागो आणि निकानोर आबेलार्दो या संगीतकारांनी त्याला मैफलीच्या गाण्याची प्रतिष्ठा दिली. निशाणावर बंदी असलेल्या देशात प्रेयसीसाठी झुरणारा आवाज देशासाठी झुरतो आहे हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नसे. अटांग हे गाणं मनिलाच्या थिएटरांत गायल्या, तसंच गावच्या चौकांत आणि कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्यांतही गायल्या. डोंगरांतल्या इगोरोत, आएता आणि मांग्यान लोकांपर्यंत त्यांनी ते नेलं. हवाई, सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क, हाँगकाँग, शांघाय, टोकियो इथं स्थलांतरित फिलिपिनो लोकांसमोरही त्या उभ्या राहिल्या. या दौऱ्यांकडे त्यागाच्या कथा म्हणून पाहण्याची रीत आहे. त्यांत ध्येय होतंच. पण कुठं किती लोक जमतील, कोणत्या बेटावर कोणत्या महिन्यात हातात पैसा असतो, आखाड्यात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोहोचेल, हे जाणणारी व्यावसायिक नजरही त्यात होती.

त्यांच्या घरातही एक मोठी कसोटी आली. १९३२ साली त्यांनी कवी आमादो हेर्नांदेझ यांच्याशी लग्न केलं. हेर्नांदेझ पुढे कामगार चळवळीचे नेते झाले, आणि १९५१ साली बंडाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. १९५६ साली ते जामिनावर सुटले आणि १९६४ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं. ही सगळी वर्षं या बाईंनी कशी पेलली हा प्रश्न केवळ पत्नीधर्माचा नाही. ज्या स्त्रीला स्वतःची कमाई होती, स्वतःचं नाव होतं आणि एक पदवी होती, तिच्या पाठबळाचं वजन वेगळं असतं. पती-पत्नी दोघेही राष्ट्रीय कलावंत ठरले. हेर्नांदेझ यांना तो मान १९७३ साली साहित्यासाठी मिळाला.

सार्सुवेलाला पहिला जबर धक्का दिला तो बोदाबिलनं. अमेरिकेतल्या व्होदव्हीलचं हे स्थानिक रूप: गाणी, टॅप डान्स, जादू, कसरती, विनोदी प्रवेश, मध्येच जॅझ. सेबूचे लुइस बोर्रोमेओ अमेरिकेत पियानोवादक म्हणून नाव मिळवून १९२१ साली परतले आणि त्यांनी हा प्रकार मनिलात भव्य प्रमाणात मांडला. सार्सुवेलाला पूर्ण कथा, तालमी आणि संच लागे. बोदाबिलला लागत होते सुटे तुकडे आणि दर आठवड्याला नवीन काहीतरी. प्रेक्षकही बदलले होते. इंग्रजी शाळांतून शिकलेली, हॉलिवूड पाहणारी शहरी पिढी आली होती.

या बदलातून वर आल्या केटी दे ला क्रूझ. १९०७ साली बुलाकानमध्ये जन्मलेल्या केटी सातव्या वर्षी मनिलाच्या चित्रपटगृहांत दोन खेळांच्या मधल्या वेळात गात. तेराव्या वर्षी त्या कार्यक्रमाचं मुख्य आकर्षण झाल्या आणि विशीआधीच देशातल्या सर्वाधिक मानधन घेणाऱ्या कलावंतांत त्यांची गणना होऊ लागली. त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं ‘बालुत’, म्हणजे रात्री रस्त्यावर विकलं जाणारं, बदकाच्या गर्भ असलेल्या अंड्याचं खाणं. ते विकणाऱ्याची आरोळी त्यांनी जॅझच्या लयीत बसवून गायली. परक्या संगीताला स्वतःच्या गल्लीचा आवाज देण्याचा हा प्रकार नकलेच्या फार पुढचा आहे. पुढे त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या फॉरबिडन सिटी या प्रसिद्ध नाइटक्लबमध्ये गायल्या, १९८८ साली त्यांच्या आयुष्यावर मनिलात संगीतिका झाली, आणि २००४ साली, ९७ व्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला. अटांग आणि केटी यांना समोरासमोर ठेवून ‘देशी’ आणि ‘परकी’ असा कज्जा मांडणं जुन्या समीक्षकांना आवडे. दोघींची आयुष्यं नीट पाहिली तर दोघीही एकच काम करताना दिसतात: जे येईल ते माध्यम आपल्या प्रेक्षकाच्या भाषेत आणणं आणि त्यावर पोट भरणं.

१९४२ मध्ये जपानी मनिलात आले, हॉलिवूडचे चित्रपट थांबले, स्थानिक चित्रनिर्मिती ठप्प झाली, आणि सगळे नट रंगमंचावर आले. भुकेच्या त्या दिवसांत मनिलाची थिएटरं भरत होती. पूगो आणि तोगो या विनोदी जोडीनं मनगटापासून कोपरापर्यंत घड्याळं बांधून लोकांची घड्याळं हिसकावणाऱ्या जपानी सैनिकांची खिल्ली उडवली आणि त्याची शिक्षाही भोगली. मग १९४५ च्या फेब्रुवारीत मनिलाची लढाई झाली. सुमारे एक लाख नागरिक मारले गेले आणि शहराचा मोठा भाग राख झाला. नाटकांच्या संहिता, छायाचित्रं, चित्रपटांच्या रिळांचे डबे, कंपन्यांची दप्तरं त्या राखेत गेली. युद्धापूर्वीच्या शेकडो चित्रपटांपैकी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. ‘दालागांग बुकिद’ त्यांत नाही. फिलिपिन्सच्या रंजनसृष्टीवर लिहिणारा प्रत्येक जण या पोकळीच्या काठावर बसून लिहितो.

उरलेल्या मोजक्या चित्रपटांत ‘गिलिव को’ (१९३९) आणि ‘इबोंग अदार्ना’ (१९४१) आहेत. दोन्ही एलव्हीएन पिक्चर्सचे, आणि एलव्हीएनच्या प्रमुख होत्या नार्सिसा दे लिऑन. सगळे त्यांना ‘दोन्या सिसांग’ म्हणत. त्या कलावंत नव्हत्या. १८७७ साली बुलाकानमध्ये जन्मलेल्या, भाताच्या व्यापारात मुरलेल्या या विधवेनं साठी ओलांडल्यावर, १९३८ साली, भागीदारीत चित्रपट कंपनी सुरू केली. त्या काळच्या कायद्याचं एक कलम इथं ध्यानात घ्यायला हवं. स्पॅनिश नागरी संहितेनुसार विवाहित स्त्रीला व्यवहारात नवऱ्याची संमती लागे. विधवेला ती अट नव्हती. फिलिपिनो घरात पैशांची पिशवी बाईकडे असते असं कौतुकानं म्हटलं जातं, पण घरातली पिशवी आणि कागदावरची सही यांत बरंच अंतर होतं. स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला तोही १९३७ साली, स्त्रियांच्याच सार्वमतानंतर.

दोन्या सिसांग यांच्या हाताखाली एलव्हीएननं लोककथा, संगीतपट आणि गावाकडच्या गोष्टी काढल्या. लांबेर्तो आवेलाना यांचा ‘अनाक दालिता’ १९५६ साली आशियाई चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट ठरला. युद्धानं उद्ध्वस्त झालेल्या चर्चच्या अवशेषांत राहणाऱ्या गरिबांची ती गोष्ट. १९५० चं दशक हे तिथल्या स्टुडिओंचं सुवर्णयुग. एलव्हीएन, साम्पागिता, प्रीमियर, लेब्रान हे चार मोठे स्टुडिओ नटांना मासिक करारावर ठेवत, घडवत आणि बांधूनही ठेवत. मालकीण बाई असली म्हणून व्यवस्था आपोआप न्याय्य होत नाही, हेही याच स्टुडिओच्या इतिहासात लिहिलेलं आहे. चित्रपटांना संगीत देणारे वादक आमचे नोकर नव्हेत अशी भूमिका एलव्हीएननं घेतली. वादकांची संघटना लढली आणि १९६१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं वादकांच्या बाजूनं निकाल दिला. त्याच वर्षी एलव्हीएननं चित्रनिर्मिती थांबवली. वाढते खर्च, ताऱ्यांची वाढती मागणी, कामगारांशी तंटे अशी कारणं अनेक होती. गल्ल्याविषयी आदरानं लिहायचं तर ही बाजूही तितक्याच आदरानं लिहावी लागते.

१९५३ साली दूरचित्रवाणी आली आणि साठच्या दशकात बोदाबिलचे शेवटचे रंगमंच ओस पडले. आता तारा घरात बसून दिसू लागला. या काळाचा आवाज म्हणजे पिलिता कोर्रालेस. सेबूत जन्मलेल्या पिलिता आधी ऑस्ट्रेलियात गाजल्या, मग मनिलाच्या टीव्हीवर स्वतःच्या नावाचा कार्यक्रम करू लागल्या. तागालोग, सेबुआनो, स्पॅनिश, इंग्रजी अशा भाषांत त्या सहज गात. सेबुआनो गाण्यांच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकांनी मनिलाबाहेरच्या भाषांना बाजारात जागा मिळवून दिली. रंगमंचावर १९६७ साली दोन वाटा एकदम फुटल्या. झेनाइदा आमादोर आणि बेबी बारेदो यांनी इंग्रजी नाटकांसाठी रेपर्टरी फिलिपिन्स काढली. लेया सालोंगा तिथूनच पुढे ‘मिस सायगॉन’ या संगीतिकेत गेल्या. सेसिल गिदोते यांनी त्याच वर्षी पेटा ही संस्था स्थापन केली आणि लोकांच्या भाषेतल्या, लोकांच्या प्रश्नांवरच्या नाटकाचं व्रत घेतलं. दोन अगदी वेगळ्या शाळा, दोन्हींच्या मुळाशी स्त्रिया.

मग लष्करी कायद्याची वर्षं. नोरा ऑनर बिकोल प्रांतातल्या इरिगा गावच्या. लहानपणी रेल्वे स्टेशनवर पाणी विकणारी मुलगी. १९६७ साली गाण्याची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून त्या तारा झाल्या. गोऱ्या, मिश्रवंशीय चेहऱ्यांची सवय लागलेल्या पडद्यावर एक बुटकी, सावळी मुलगी नायिका झाली, एवढ्यावरच त्यांची थोरवी थांबत नाही. स्वतःची एनव्ही प्रॉडक्शन्स काढून त्यांनी कुणीही सुरक्षित निर्माता काढणार नाही असे चित्रपट काढले. ‘तात्लोंग ताओंग वालांग दियोस’ (१९७६) जपानी काळातल्या निष्ठा आणि द्रोह यांविषयी होता. ‘बोना’ (१९८०) लिनो ब्रोका यांचा. एका फालतू नटाच्या मागे आयुष्य उधळणाऱ्या चाहतीची कथा. जिच्यासाठी हजारो चाहते वेडे होते त्या बाईनं स्वतःच्या पैशांनी चाहत्याच्या वेडाचा चित्रपट काढावा, यात मला असामान्य धैर्य दिसतं. त्याच काळात रीगल फिल्म्सच्या लिली मोन्तेव्हेर्दे गल्लाभरू चित्रपटांच्या जोरावर उभ्या होत्या, आणि संपकरी कामगारांच्या बाजूनं उभ्या राहणाऱ्या ख्रिस्ती जोगिणीची कथा सांगणारा ‘सिस्टर स्टेला एल.’ (१९८४) त्यांच्याच पैशांतून निघाला. दिग्दर्शक होते माइक दे लिऑन, दोन्या सिसांग यांचे नातू.

या क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्यांतही ढोबळपणे तीन परंपरा आहेत. पहिली राष्ट्रवादी: ती रंगभूमीत प्रतिकार शोधते, राजद्रोही नाटकं आणि कुंदिमान यांना मान देते, बोदाबिलकडे संशयानं पाहते. निकानोर तिओंगसोन यांच्या पिढीनं या परंपरेला भक्कम दस्तऐवजी पाया दिला. दुसरी प्रांतांकडे वळलेली: डोरीन फेर्नांदेझ यांनी इलोइलोच्या सार्सुवेलावर आणि रेसिल मोहारेस यांनी सेबूच्या एका गावातल्या नाटकावर काम करून दाखवलं, की मनिलाचा इतिहास म्हणजे देशाचा इतिहास नव्हे. तिसरी अलीकडची: पीटर केप्पी, मेले यामोमो अशा संशोधकांनी फिलिपिनो वादक आणि नट आशियाभर कसे फिरले, शांघाय, हाँगकाँगपासून जावापर्यंतच्या बंदरांत संगीताचा बाजार कसा तयार झाला, ते मांडलं. गोव्याच्या चर्चमधल्या शाळांत स्वरलिपी शिकून मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमांच्या वाद्यवृंदांत शिरलेल्या वादकांची कथा ठाऊक असलेल्या मराठी आणि कोकणी वाचकाला ही तिसरी वाट चटकन जवळची वाटेल. या तीनही परंपरांचं ऋण मोठं आहे. मात्र तिन्हींत पैशांचा व्यवहार कडेला राहतो आणि बाईच्या हातातला व्यवहार तर आणखी कडेला.

हे आज का वाचायचं? पहिलं कारण जगण्याचं आहे. रंजन करणारी फिलिपिनो स्त्री ही विसाव्या शतकाच्या शेवटी निर्यातीचा माल झाली. २००४ या एका वर्षात ८० हजारांहून अधिक फिलिपिनो व्यक्ती ‘एंटरटेनर’ व्हिसावर जपानमध्ये गेल्या, त्यांत बहुसंख्य तरुण मुली. पुढच्या वर्षी जपाननं नियम कडक केले. बारमध्ये गाणाऱ्या या मुलींचा गळा त्यांचा होता, गल्ला दलालाचा, क्लबमालकाचा आणि कंत्राटदाराचा. १९९५ साली सिंगापुरात फाशी गेलेल्या फ्लोर कोन्तेम्प्लासिओन या घरकामगार स्त्रीची भूमिका नोरा ऑनर यांनी केली आणि कैरोच्या महोत्सवात त्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या, तेव्हा तारा आणि परदेशी राबणारी बाई यांच्यातलं अंतर किती कमी आहे हे देशाला दिसलं. कंपनी चालवणाऱ्या अटांग आणि पासपोर्ट मालकाकडे जमा करून गाणारी मुलगी या एकाच इतिहासाच्या दोन कडा आहेत.

दुसरं कारण स्मृतीचं. ‘बोना’ची प्रत शोधून, दुरुस्त करून २०२४ साली कान महोत्सवाच्या अभिजात विभागात दाखवली गेली. त्याच वर्षी लिली मोन्तेव्हेर्दे गेल्या. १२ एप्रिल २०२५ रोजी पिलिता कोर्रालेस गेल्या आणि चारच दिवसांनी नोरा ऑनर. नोरा यांचं नाव २०१४ साली राष्ट्रीय कलावंतांच्या यादीतून वगळलं गेलं होतं. २०२२ साली ते सन्मानानं आलं. ज्यांच्याकडून हा इतिहास प्रत्यक्ष ऐकता आला असता ती माणसं भराभर निघून चालली आहेत. जे लिहायचं ते आत्ताच लिहायला हवं, आणि ते फक्त इंग्रजीतच असावं असं नाही.

या पुस्तकाचा प्रयत्न त्यामुळे मर्यादित पण ठाम आहे. इथं चरित्रं आहेत, स्तोत्रं नाहीत. प्रत्येक आयुष्याला तेच प्रश्न विचारले आहेत: खेळ कुणाच्या मालकीचा होता, पैसे कोण मोजत होतं, माध्यम बदललं तेव्हा या बाईनं कोणती पुंजी बरोबर नेली, आणि तिच्या हाताखाली काम करणाऱ्यांना काय मिळालं. अशा प्रश्नांनी कलेचं मोल कमी होतं असं मानणारे वाचक असतील. त्यांना मी आग्रहानं सांगेन, की आखाड्यात गाणाऱ्या अटांग यांचा सूर त्यांच्या हिशेबी डोक्यामुळे जराही खाली आला नाही. उलट त्या हिशेबामुळेच तो सूर डोंगरातल्या वस्तीपर्यंत पोहोचला. जी कला केवळ आश्रयावर जगते तिला आश्रयदात्याच्या दिवाणखान्याबाहेर जाता येत नाही.

नव्या वाचकानं सुरुवात कुठून करावी? माझं मत, आधी नोरा ऑनर यांचा ‘बोना’ किंवा ‘हिमाला’ पाहावा. दोन्ही दुरुस्त प्रतींत उपलब्ध झाले आहेत. मग जुन्या ध्वनिमुद्रणांतला एखादा कुंदिमान आणि केटी यांचं ‘बालुत’ एकापाठोपाठ ऐकावं. नावं अनोळखी वाटतील, भाषा कळणार नाही, पण नाटक कंपन्यांच्या बिऱ्हाडांचा आणि बायकांच्या गाण्याला नावं ठेवत तेच गाणं ऐकायला जाणाऱ्या समाजाचा अनुभव मराठी माणसाला परका नाही. त्या ओळखीच्या आधारानं पुढे जावं, आणि जिथं ओळख संपते तिथं थांबून नीट पाहावं. फिलिपिन्सला आपला आरसा करण्याची गरज नाही. तो देश स्वतःच्या बळावर जाणून घेण्याइतका मोठा आहे, आणि या स्त्रिया त्याच्या इतिहासाच्या शोभेच्या कडा नसून कर्त्या आहेत, एवढं या पानांतून पटलं तर पुस्तकाचं काम झालं.